आगोटीत शरीराचीही बेगमी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना सरत आला की कोकणातल्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची, लगबग सुरू होते. कौले चाळून घेतली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, सुकी मासळी, कुळथाचे पीठ, सांडगे-पापड आणि फणसाची साठे डब्यांत भरून माळ्यावर चढतात, आणि पुढचे चार महिने पऱ्या (ओढा) कितीही भरून वाहिला तरी घरातली चूल थांबणार नाही एवढी सोय प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे करून ठेवतो. पावसाशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ असलेल्या माणसांचे हे शहाणपण आहे आणि मला त्याचा मोठा आदर वाटतो. मात्र गेल्या काही वर्षांत आपल्या किनारपट्टीवर जे प्रसंग ओढवले त्यांत माणसे दगावली ती पाण्यात, दरडीखाली, अंधारात आणि दवाखान्याच्या वाटेवर. अशा वेळी उपयोगी पडणारी बेगमी डब्यात भरता येत नाही. ती दंडात, पायांत, श्वासात आणि बोटांच्या सवयीत साठवावी लागते, आणि तिचीही आगोट दरवर्षी व्हायला हवी, एवढे मला आपल्या वृत्तपत्रातून वाचकांपुढे मांडायचे आहे.

मी चिपळूण तालुक्यातल्या एका शाळेत २८ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा मी बाजारपेठेजवळच्या आमच्या जुन्या दुमजली घरात होतो. तळमजल्यावर बिऱ्हाडाने राहणाऱ्या ७८ वर्षांच्या काकूंची एक बाजू पक्षाघाताने लुळी पडलेली होती. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा आम्ही चौघे पुरुष तिथे हजर होतो, थोडा वेळही हाताशी होता, आणि त्यांना उचलून वरच्या मजल्यावर न्यायचे एवढेच काम होते. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि त्या अरुंद लाकडी जिन्यावर आम्ही चढू लागलो. चौथ्या पायरीवर माझी पकड सुटली. काकू कमरेवर आदळल्या, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, आणि पाणी ओसरून रस्ता मोकळा होईपर्यंत दोन दिवस त्या वरच्या खोलीत चटईवर कण्हत पडून होत्या. त्या वाचल्या, पण नंतर अंथरुणातून उठल्या नाहीत.

त्या काळात मी रोज सकाळी चार किलोमीटर चालत होतो, सूर्यनमस्कार घालत होतो, आणि माझी तब्येत उत्तम आहे अशी माझी खात्री होती. ओल्या, घाबरलेल्या आणि स्वतःचा तोल सावरू न शकणाऱ्या माणसाला चिंचोळ्या जिन्यावरून उचलून नेणे हे अगदी निराळे काम आहे, आणि ते मी आयुष्यात एकदाही केलेले नव्हते. ज्या शेकडो मुलांना मी कवायत शिकवली त्यांनाही ते शिकवले नव्हते. पुढे एका प्रशिक्षणात मला दाखवण्यात आले की अशा माणसाला मजबूत लाकडी खुर्चीत बसवावे, छातीपाशी आणि पोटऱ्यांपाशी चादरीने खुर्चीला बांधावे, त्याची पाठ जिन्याच्या वरच्या टोकाकडे ठेवून खुर्ची मागे कलती करावी, एकाने वरून पाठ धरावी आणि दुसऱ्याने खालून पुढचे पाय धरावेत. मग दोनच माणसे त्याला एकेक पायरी मोजत वर नेऊ शकतात. तशी खुर्ची काकूंच्या खोलीत, जिन्यापासून हातभर अंतरावर होती.

त्याच २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे तिच्याखाली गेली. वाटेवर पुराचे पाणी आणि जागोजागी आलेल्या दरडी असल्यामुळे मदत पथकांना तिथे पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. यात कुणाची कसूर शोधण्याआधी आपण आपला भूगोल समजून घ्यावा असे मला वाटते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची बटालियन पुण्याजवळ आहे, आणि ज्या पावसाने आपले गाव बुडते तोच पाऊस कुंभार्ली, वरंधा आणि ताम्हिणी या घाटांत दरडी पाडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा रस्त्यारस्त्यावर झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पात्रात गेल्या. त्या अंधारात पुढची वाहने थांबवायला पहिल्यांदा धावला तो पुलाजवळच्या गॅरेजमधला एक कामगार. सरकारी मदत येते, ती यायलाच हवी, आणि ती लवकर यावी म्हणून आपण आग्रह धरलाच पाहिजे. पण पहिला तास, आणि पुष्कळदा पहिला दिवस, शेजाऱ्याच्या हातात असतो.

आता हा शेजारी कोण, हे पाहावे. आपल्याकडची तरणीताठी माणसे मुंबई-पुण्याला असतात. ती गणपतीला येतात, शिमग्याला येतात, मे महिन्यात मुलाबाळांसह येतात, आणि नेमकी जुलैच्या ऐन पावसात वाडीत नसतात. त्या वेळी वाडीत असतात साठी ओलांडलेली जोडपी, घर सांभाळणाऱ्या सुना, शाळकरी मुले आणि रोजगारासाठी इथेच राहिलेले थोडे तरुण. संकटाच्या तयारीविषयी आपण जे काही ठरवू ते या माणसांना झेपेल आणि याच माणसांच्या हातून होईल असे असले पाहिजे. धडधाकट जवानाला डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या पत्रकांचा आमच्या वाड्यांना फारसा उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शरीराच्या तयारीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. संकटात शरीराला जी कामे पडतात ती मोजकीच आहेत: जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे, ओझे घेऊन चढ चढणे, काहीतरी घट्ट धरून ठेवणे, आणि दम लागला असतानाही शांतपणे श्वास घेणे. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ती घट वेगाने होते, पण सरावाने ती कोणत्याही वयात बऱ्याच अंशी रोखता येते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पूर्वी हा सराव आपोआप होत असे. उकिडवे बसून भांडी घासणे, विहिरीचे पाणी शेंदणे, डोक्यावर कळशी घेऊन पाखाडी (पायऱ्यांची वाट) चढणे आणि भाताचे भारे वाहणे यांत दिवसभर तोच व्यायाम होता. आज नळ दारात आला, गॅस आला, रिक्षा वाडीपर्यंत आली. बायाबापड्यांचे कष्ट वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या कष्टांबरोबर गुडघ्यांतली आणि मनगटांतली ताकदही गेली, आणि ती आता वेगळा वेळ काढून कमवावी लागेल.

त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. साठीच्या माणसाने खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, आणि ते सोपे वाटू लागले की पाटावरून उठावे. दोन्ही हातांत पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात पाच फेऱ्या माराव्यात. याने पकड, खांदे आणि कंबर यांना एकत्र काम पडते, आणि खऱ्या प्रसंगी नेमके तेच लागते. तरुणांनी पाठीवर वीस किलो तांदळाचे पोते घेऊन पाखाडी चढावी आणि उतरावी. उतरण्याचा सराव चढण्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पाय घसरतो तो उतरताना. आंब्याच्या फांदीला किंवा पडवीच्या वाशाला, तो भक्कम आहे हे पाहून, लोंबकळून राहण्याचा सराव मुलांना करू द्यावा. ज्यांना हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

ओझे वाहण्याच्या बाबतीत आपल्या गावांपाशी एक मोठी विद्या आहे आणि तिचा आपण या कामी विचारच केलेला नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर घेऊन माणसे डोंगर चढतात, घरोघर जातात आणि तासन्‌तास नाचवतात. खांदा देणाऱ्यांची उंची जुळवणे, पावले एका तालात टाकणे, दमलेल्याच्या खांद्याखालून दुसऱ्याने न थांबता खांदा घालणे, चढावर पुढच्यांनी दांडा खाली आणि मागच्यांनी वर घेऊन पालखी समतल ठेवणे, हे सारे आमच्या वाडीतला पंधरा वर्षांचा मुलगाही बघून बघून शिकलेला असतो. आजारी माणसाला डोलीतून नेताना अगदी हेच करायचे असते. दोन मजबूत बांबू आणि एक जाड चादर किंवा दोन धान्याची पोती एवढ्यात डोली होते. पोत्यांच्या तळाचे कोपरे कापून त्यांतून बांबू ओवले की ती चादरीपेक्षा भक्कम बसते. ज्या गावात पालखीचे मानकरी आहेत त्या गावात डोलीचे पथक उभे राहायला एका दुपारपेक्षा अधिक वेळ लागू नये.

पाण्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. समुद्राच्या, खाडीच्या आणि नदीच्या काठावर राहणाऱ्या आपल्या मुलांपैकी पुष्कळ मुलांना आज पोहता येत नाही. आमच्या लहानपणी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मोठी माणसे आम्हाला विहिरीत किंवा नदीच्या कोंडीत ढकलत, आणि उन्हाळ्याच्या एका सुटीत मूल पोहायला शिके. आता विहिरींवर जाळ्या आल्या, कोंडी गाळाने भरल्या, आणि आईवडिलांना भीती वाटते. भीती समजण्यासारखी आहे, पण मुलाला पाण्यापासून दूर ठेवून ती भीती मिटत नाही, कारण पाणी आपणहून घरात येते हे आपण पाहिले आहे. मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत तर ही उणीव फारच मोठी आहे. पुरात घरात अडकणाऱ्यांत त्या अधिक असतात, अंगावर पाच वारी किंवा नऊवारी साडी असते, कडेवर मूल असते, आणि त्यांना पाण्यात कधी उतरूच दिलेले नसते. मे महिन्यात सकाळची दोन तासांची वेळ केवळ स्त्रियांसाठी राखून, वाडीतल्याच पोहणाऱ्या बाईच्या देखरेखीखाली त्यांना शिकवता येते. आमच्याकडे पहिल्या वर्षी पाच जणी आल्या, दुसऱ्या वर्षी सतरा.

शिकवताना वेगाने पोहण्यावर भर देऊ नये. जीव वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे पाठीवर पडून, कान पाण्यात बुडवून, हनुवटी वर ठेवून दहा मिनिटे शांत तरंगणे. दुसरी म्हणजे कपड्यांसकट पाण्यात पडण्याचा सराव. समुद्रात लाट फुटून परतताना काही ठिकाणी पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. तो पट्टा वरून शांत दिसतो आणि त्याच शांतपणाला भुलून पाहुणे तिथे उतरतात. त्या ओढीत सापडलेल्या माणसाने किनाऱ्याकडे सरळ झगडू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर दिशेने ओढीच्या बाहेर यावे आणि मग तिरके किनारा गाठावा. वाहत्या पुराच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून घोट्याच्या वर चढलेले जोरदार पाणीही उभ्या माणसाला पाडू शकते आणि दोन फूट पाणी मोटार वाहून नेते. साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) पाणी जात असेल तर पलीकडे कोणतेही काम असले तरी अलीकडे थांबावे. वाहून जाण्याची वेळ आलीच तर पाठीवर व्हावे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत, आणि जोराच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण दगडांत पाय अडकला की पाणी माणसाला पुढे दाबून बुडवते.

बुडणाऱ्याला वाचवायला जाणाराही बुडतो, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस बहुधा हाका मारत नाही, हात हलवत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असते आणि मिनिटाभरात तो दिसेनासा होतो. त्याच्यापर्यंत आधी काठी, मग दोरी आणि मग होडी पोहोचवावी. स्वतः उडी मारणे हा शेवटचा आणि प्रशिक्षित माणसाचा उपाय आहे. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्यावा, फेकायला वजन यावे म्हणून त्यात दोन पेले पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे, आणि मुठीला पंधरा मीटर दोरी बांधून ठेवावी. हा कॅन बुडणाऱ्याच्या पलीकडे, दोरी त्याच्या अंगावरून पडेल असा फेकायचा. फेकणाऱ्याने लगेच खाली बसून टाचा जमिनीत रोवायच्या, आणि दोरी हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायची नाही. प्रत्येक विहिरीजवळ, प्रत्येक पऱ्याच्या उतारावर असा एक कॅन टांगलेला असावा. त्याचा खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे.

दोरी असली तरी गाठ यावी लागते. दाभोळ खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी (मासेमारी होडीच्या प्रमुखांनी) आमच्या मुलांना एक गाठ शिकवली. तिचा फास कितीही ओढला तरी आवळत नाही आणि काम झाल्यावर ओली दोरीही सहज सुटते. विहिरीत पडलेल्याच्या किंवा उतारावर अडकलेल्याच्या काखेखालून हा फास घालून त्याला वर घेता येते. लांब दोरीवर एक लहान वेढा पाडायचा, टोक त्या वेढ्यातून खालून वर काढायचे, लांब दोरीच्या मागून वळसा घालायचा आणि टोक पुन्हा त्याच वेढ्यातून खाली घालून आवळायचे. वाचायला अवघड वाटते, पण हातांना अर्ध्या तासात येते. तांडेल तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले, दोरी बादलीत भिजवली, आणि एकेकाला अंगणात पळायला लावून धापा टाकत असताना ती गाठ मारायला सांगितली. पहिल्या दिवशी एकालाही जमली नाही. पंधरा दिवसांनी आठवीतली एक मुलगी हात पाठीमागे घेऊन ती मारू लागली, तेव्हा तांडेलांनी तिची बोटे हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “आता हिला विचार करावा लागत नाही.” माझ्या २८ वर्षांच्या नोकरीत शिकवण्याची याहून चांगली पद्धत मी पाहिली नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या काळात आपल्या बंदरांतले तांडेल आणि खलाशी घरी असतात, आणि त्यांना मानाने बोलावले तर ते शाळेत येतात.

पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबणे, मडक्यावर पालथे घालून फिरवणे हे प्रकार आजही चालतात आणि त्यांत मोलाची मिनिटे जातात. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. बुडालेल्याच्या बाबतीत आधी नाक दाबून तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तळहाताचा खालचा भाग ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत, आणि प्रत्येक तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. हे काम फार दमवणारे आहे. दोन मिनिटांत दाब उथळ होऊ लागतात, म्हणून माणसे पाळीपाळीने बदलावी लागतात. हे वाचून येत नाही. प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर गुडघे टेकून, घाम गाळून शिकावे लागते, आणि दरवर्षी पुन्हा करावे लागते.

सर्पदंशाविषयी थोडक्यात लिहितो. पावसात आणि पुरात साप घरात, लाकडांच्या ढिगात, कौलांत आसरा घेतात, आणि आपल्या लाल मातीत फुरसे जागोजागी असते. दंश झाल्यावर करकचून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, रक्त चोखणे हे सर्व घातक आहे. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून घ्यावेत, तो अवयव फळीच्या आधाराने हलणार नाही असा बांधावा, माणसाला चालवू नये, आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात थेट न्यावे. या ठिकाणी डोलीचे पथक पुन्हा उपयोगी पडते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ज्या विंचवाने कोकणात पुष्कळ मुले दगावत ती वाचू लागली. हे औषध साधे आणि स्वस्त आहे, पण त्याचा उपयोग व्हायचा तर रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. मांत्रिकाकडे आणि घरगुती उपायांत गेलेला तास कोणतेही औषध परत आणू शकत नाही.

बाकीच्या गोष्टी वाचकांना बहुधा ठाऊक आहेत, तरी घरातल्या प्रत्येकाला त्या हाताने करता येतात का, हे एकदा पाहावे. मेन स्विच कुठे आहे आणि गॅसचा रेग्युलेटर अंधारात कसा काढायचा, हे दहा वर्षांच्या मुलालाही यायला हवे. पुरानंतर पाणी उकळूनच प्यावे. जुलाब झाले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे. चिखलात साफसफाई केलेल्यांनी लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात जावे, पायाला जखम असेल तर नक्कीच. फोन लागत नसेल तेव्हा मजकुराचा संदेश पुष्कळदा जातो. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत, कारण बॅटरी संपल्यावर फोनमधले क्रमांक कामाला येत नाहीत. आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असावी. ढिगाऱ्याखाली किंवा वादळात माणसाचा आवाज लवकर बसतो, शिट्टी वाजत राहते.

काही वाचक म्हणतील की हा सगळा भार सामान्य माणसावर टाकला तर शासन मोकळे सुटेल. मला ही शंका योग्य वाटते. दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन, नद्यांतला गाळ, धरणातून पाणी सोडण्याची आगाऊ सूचना आणि पुरेशा रुग्णवाहिका ही शासनाचीच कामे आहेत, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून जी माणसे गेली त्यांच्यापैकी कुणीही चांगले पोहता येत असल्यामुळे वाचले असते असे मी म्हणणार नाही. पण ही मागणी लावून धरण्यासाठी आपण जिवंत असले पाहिजे, आणि शासनाची आपदा मित्रांसारखी प्रशिक्षणाची योजना गावापर्यंत यावी म्हणून गावाने ती मागितली पाहिजे.

ती मागण्याची जागा ग्रामसभा आहे. १ मे रोजी ग्रामसभा भरते. त्या वेळी चाकरमानी गावात असतात, पाऊस महिनाभर दूर असतो, आणि विहिरींना पोहण्यापुरते पाणीही असते. त्या दिवशी प्रत्येक वाडीने तीन तास द्यावेत. कोण चालू शकत नाही, कोणाला ऑक्सिजन किंवा इन्सुलिन लागते, कोणाकडे होडी, दोरी, करवत, जनरेटर आहे, याची यादी त्या दिवशी व्हावी, आणि अमक्या घरातल्या आजोबांना तमक्या दोघांनी उचलायचे हे नावानिशी ठरावे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी आणि क्रिकेटच्या सामन्यांसाठी जो पैसा उभा केला त्याचा मला अभिमान आहे. त्यातला दहावा हिस्सा यंदा दोऱ्या, तरंगणारी कडी, विजेऱ्या आणि स्ट्रेचर यांसाठी द्यावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. आणि सुटीवर आलेल्या तरुणांनी आपल्या आईवडिलांना एकदा प्रत्यक्ष उचलून पाहावे. मुलगा आपल्याला उचलू शकतो की नाही हे त्या दोघांना जुलैत प्रथमच कळू नये.

पुराच्या त्या वर्षानंतर मी गुहागर तालुक्यातल्या माझ्या मूळ वाडीत राहायला आलो. गेल्या मे महिन्यात आम्ही पालखीचे आठ खांदेकरी, तीन सुना आणि शाळेतली मुले मिळून डोलीचा सराव केला. डोलीत माझे ६२ वर्षांचे शेजारी स्वखुशीने निजले. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पाखाडीला ९६ पायऱ्या आहेत. पहिल्या खेपेला आम्हाला एकोणीस मिनिटे लागली आणि दोनदा डोली खाली ठेवावी लागली, चौथ्या खेपेला अकरा मिनिटे लागली आणि डोली एकदाही टेकली नाही. हा सराव कोरड्या दिवसाचा, उजेडातला होता. त्यामुळे यंदा मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर, पायऱ्यांवर शेवाळ धरले की, एका रात्री विजेऱ्या घेऊन तोच सराव पुन्हा करायचे ठरले आहे. खांदेकऱ्यांसाठी काथ्याच्या दोरीचे तळवे बांधलेल्या चपला तयार करायला दिल्या आहेत. शेजारच्या दोन वाड्यांनी पाहायला येऊ का, असे विचारले. त्यांना आपापल्या डोलीसह यायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी